निम्म्यात थांबणारी गाडी

करीच्या दिवशी नवं काम काढू नये, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी न्याहारी करता करता चनमल्लप्पांनी हुकूम सोडला, "आज चार वाजता तबकडीची पेटी वाजवायची, समद्यांनी सोप्यात बसायचं," तेव्हा थोरल्या शंकरप्पाचा घास हातातच राहिला.

"अप्पा, आज कर हाय. आज नवं काय सुरू करत न्हाईत."

"पेटी नवी हाय व्हय?"

"पेटी जुनी. पर आतलं समदं नवं घातलंय की तुमच्या धाकट्या सुनंनं."

"गेल्या साली मी दात नवं बसवलं. म्हणून मी नवा झालो का?" असं म्हणून अप्पांनी कडक भाकरीचा तुकडा त्याच दातांनी कडाडकन मोडला आणि शेंगाचटणीत बुडवला. घरात सगळेच त्यांना अप्पा म्हणत, सुनासुद्धा. आणि अप्पा एकदा बोलले की मग तो विषय मिटत असे.

शंकरप्पाच्या मनातून मात्र तो मिटला नाही. बेचाळीस वर्षांचा बाप्या, चादरींचा सगळा व्यवहार बघणारा, आणि रस्त्याकडच्या एका खोलीसाठी त्याला धाकट्या भावजयीशी शर्यत लावावी लागावी, हे त्याला झोंबत होतं. जिन्याखाली चादरींचे गठ्ठे रचून रचून आता घरात वर जायचं तर तिरकं होऊन जावं लागे. उंदरांनी दोन गठ्ठे कुरतडले होते. खोली त्याला मिळायलाच हवी होती. पण दिवाळीत, सगळ्या घरादारासमोर, अप्पांनी शब्द देऊन ठेवला होता. गिरणीतल्या साहेबानं दिलेल्या या पेटीची उजवी बाजू डावीसारखी बोलायला लागली, तर खोली बसव्वाची. तिथं तिनं रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटावं. नाही बोलली, तर शंकरप्पानं गठ्ठे लावावेत. आणि निकाल कोण देणार? अप्पांचा कान.

त्या कानाविषयी घरात दुमत नव्हतं. चालू कारखान्यात, बावीस माग एका वेळी खडखडत असताना, अप्पा नुसते मधून चालत जात आणि मध्येच गर्रकन वळून सांगत, "नऊ नंबरचा बोल्ट ढिला हाय." माग दुरुस्त करणारा जॉबर पाना घेऊन धावे, आणि बोल्ट खरोखरच ढिला निघे. कामगार त्यांच्यापेक्षा त्यांच्या कानाला जास्त भीत.

---

रिकाम्या सोप्यात बसव्वा पेटीच्या टेबलाखाली वाकून शेवटचा डाख तपासत होती. चिमट्यानं तार हलवून पाहिली. हलली नाही. तिनं कपाळावरचा घाम पदरानं टिपला आणि नवऱ्याला म्हणाली, "झालं. आता हात लावायला काय उरलंच न्हाय."

तिप्पण्णा दारात उभा होता. हा माणूस कारखान्यात हिशेबी आणि घरात मुका, असं त्याची बहीणच म्हणायची. पण गेले सहा आठवडे रोज संध्याकाळी तो बायकोसाठी टॉर्च धरून उभा राहिला होता, हे बहिणीला माहीत नव्हतं.

"गुणगुण गेली?" त्यानं विचारलं.

"कान लावून बघा."

तिप्पण्णानं पेटी चालू केली. काचेचे व्हॉल्व्ह एकेक करत तांबूस उजळले. त्यानं आवाजाच्या एका खोक्याच्या जाळीला कान लावला. आधी या पेटीत कायम माशी अडकल्यासारखी गुणगुण असायची. आता काहीच नव्हतं.

"अगं, बंद हाय काय ही?"

बसव्वा हसली. नुसती हसली नाही, टाळी वाजवून हसली. अक्कलकोटला भावाच्या रेडिओच्या दुकानात लहानपणी स्टुलावर बसून तिनं कथील वितळवलं होतं. लग्नानंतर पेठेतल्या निम्म्या बायकांचे रेडिओ तिनं चुलीपाशी बसून बोलते केले होते. पण ही पेटी म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. गिरणीतला विलायती साहेब एकसष्ट साली मायदेशी जाताना अप्पांना देऊन गेला होता. दोन बाजूंना दोन वेगळे आवाज, त्यांची दोन मोठी खोकी, आणि वर एक तबकडी, जिच्यात आगगाडी डावीकडून येऊन उजवीकडे निघून जाते. पेठेतली माणसं ती गाडी ऐकायला रांग लावायची.

चार वर्षांपूर्वी अप्पा म्हणाले, "उजवीकडं आवाज बसलाय. गाडी निम्म्यात येऊन थांबती." सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. आणि मग सगळ्यांनीच माना डोलावल्या. बसलाय खरा.

बसव्वानं पेटीत काय केलं नव्हतं? मेण गळायला लागलेले जुने कंडेन्सर सगळे काढून भावानं मुंबईहून मागवलेले नवे घातले. पत्र्याच्या चासीला जागोजागी जोडलेल्या अर्थच्या तारा सोडवून सगळ्या एका ठिकाणी आणल्या, त्यानं गुणगुण गेली. वीज गाळणाऱ्या भागाला जास्तीचा कंडेन्सर दिला, त्यानं ढोलाच्या ठोक्याला भरीवपणा आला. आणि उजव्या बाजूसाठी तिनं अप्पांचाच नियम वापरला. कारखान्यात माग अडला की अप्पा सांगायचे, "भाग शेजारच्या मागाला लाव. खोड भागासंगं गेली तर भाग वाईट. जाग्यावर ऱ्हायली तर माग वाईट." तिनं डावीकडचे व्हॉल्व्ह उजवीकडे घातले. अप्पा ऐकून म्हणाले, उजवीकडंच बसलंय. उजवीकडचा ट्रान्सफॉर्मर नव्यानं गुंडाळून आणला. उजवीकडंच. शेवटी उजवी बाजू मुळापासून उपसून परत जोडली.

दोनच गोष्टींना तिनं हात लावला नाही. साहेबानं खोकी जिथं ठेवली होती, ती तिथून हलवायची नाहीत, हा अप्पांचा एक नेम. आणि पेटीच्या मधोमध आवाज इकडेतिकडे वाटून देणारं एक बटण होतं. "ह्ये कायम मधी ठेवायचं," असं साहेबानं सांगितलं होतं. अप्पांनी ते इतकं मनावर घेतलं, की साहेबाची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच पार्सलाची लाल लाख वितळवून बटणावर ओतली आणि वर स्वतःच्या अंगठीचा ठसा उमटवला. चौदा वर्षं तो ठसा तसाच होता. बसव्वानं आतलं सगळं बदललं, पण लाखेवरची धूळसुद्धा बोटानं नाही, फडक्यानं हलके पुसली.

"आज अप्पांनी व्हय म्हटलं की उद्या पाटी रंगवायला देऊ," तिप्पण्णा म्हणाला.

"आज देऊ नका. कर हाय," बसव्वा म्हणाली, आणि दोघंही पोरांसारखी हसत सुटली.

---

दुपारी सोप्यात झोपाळ्यावर अप्पांची बायको नागव्वा तिळगूळ निवडत बसली होती. झोपाळ्याची उजवी बाजू तिची. स्वयंपाकघराचं दार त्या बाजूला पडतं, म्हणून लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती उजवीकडे आणि नवरा डावीकडे. चव्वेचाळीस वर्षांत त्यात बदल नव्हता. बदल झाला होता तो वेगळा. अलीकडे नवरा तिच्याशी बोलत नसे.

म्हणजे तसा बोलायचा. चहा दे म्हणायचा, पटका कुठाय म्हणायचा. पण ती काही बोलली की हूं नाही की चूं नाही. समोर बघत बसायचा. चार वर्षांपूर्वी याच दिवशी, याच झोपाळ्यावर, तिनं सगळा धीर गोळा करून एक गोष्ट विचारली होती. अप्पा समोर बघत राहिले, विडा चघळून संपवला, आणि उठून चालते झाले. तेव्हापासून नागव्वानं काही मागितलं नाही. मग सांगणंही कमी केलं. भिंतीला सांगून काय उपयोग?

"अव्वा, एवढी गप का?" वैरागहून कालच आलेली लेक शिवबाई तिच्या मांडीवरच्या ताटातला तिळगूळ उचलत म्हणाली. "आमच्याकडं सासूबाई दिवसभर रेडिओगत चालू असत्यात."

"तुझ्या सासूला ऐकणारं माणूस असंल," नागव्वा म्हणाली.

---

चार वाजले. अप्पा आपल्या वेताच्या खुर्चीत, बरोबर दोन्ही खोक्यांच्या मध्ये बसले. डोक्याला पटका, हातात काठी, लग्न लावायला बसल्यासारखे. मागं शंकरप्पा, त्याची बायको चन्नम्मा, पोरं, शिवबाई, झोपाळ्यावर नागव्वा. बसव्वानं तबकडी ठेवली आणि सुई टेकवली.

आधी एक शिट्टी झाली. लांबून, डावीकडून. मग रुळांची धडधड, आणि धडधड वाढत वाढत आली ती थेट सोप्यात. चन्नम्मानं चक्क पाय वर घेतले. पोरं किंचाळली. गाडी खुर्चीसमोरून गेली, कोनाड्यावरून गेली, उजवीकडच्या खोक्यातून बाहेर पडून चन्नम्माच्या तुळशीपलीकडं निघून गेली. शेवटच्या डब्याची खडखड तेवढी मागं राहिली आणि तीही विरली.

"यव्वा!" शिवबाई ओरडली. "घरातनं गेली की गाडी! भांडी हलली मला वाटलं!"

"चाकं मोजता येत हुती," तिप्पण्णा म्हणाला. मुका माणूस बोलला, म्हणून सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

शंकरप्पालाही मानावं लागलं. असा आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता. त्याच्या अंगावर काटा उभा राहिला होता, आणि खोली गेली हे कळूनही त्याला हसू येत होतं. चन्नम्मानं तर नवऱ्याकडं न बघता जावेच्या पाठीवर थाप मारली. "बसव्वा, तुज्या हाताला जादू हाय गं!"

मग सगळ्यांनी अप्पांकडं पाहिलं.

अप्पा कपाळाला आठ्या घालून बसले होते. "लई चांगलं झालंय," ते सावकाश म्हणाले. "गुणगुण गेली. डावीकडं तर आसं वाटतंय, हातानं धरावं. पर…" त्यांनी काठी टेकली. "गाडी निम्म्यात येऊन थांबलीच. उजवीकडं बसलंय अजून."

मग त्या घरात जे नेहमी होत असे, तेच झालं. एकेकाला वाटायला लागलं, बसलंय की काय खरंच? चन्नम्मानं मान तिरकी करून बघितलं. पोरांनीसुद्धा नाकं मुरडली. आत्ता ज्या शंकरप्पाच्या अंगावर काटा आला होता, तो म्हणाला, "व्हय अप्पा, जरा बसलंय खरं."

बसव्वाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सहा आठवडे! तिनं ओठ दाबले, गुडघ्यावर बसून पेटीमागं हात घातला. एकच भाग बदलायचा राहिला होता. डाव्या खोक्याची तार उजवीकडं, उजवीची डावीकडं. आता खोड असलीच तर डावीकडं जायला हवी. तिनं सुई परत ठेवली.

शिट्टी झाली ती उजवीकडून. गाडी तुळशीकडून आली आणि कोनाड्याकडून पार डावीकडं निघून गेली. पोरं लोळून हसायला लागली. "उलटी गाडी! उलटी गाडी!"

"आता," अप्पा म्हणाले, "निम्म्यातनं सुटती आन डावीकडं जाती. म्हंजी उजवीकडं बसलंयच की. मी काय म्हणत हुतो?"

बसव्वाचा हात पेटीमागं तसाच राहिला. खोड जागेवर राहिली होती.

भाग बदलला, व्हॉल्व्ह बदलले, ट्रान्सफॉर्मर बदलला, बाजूच बदलली. खोड अप्पांच्या उजव्या हाताला होती, तिथून तसूभर हलली नव्हती. आणि उजवं खोकं तर आत्ताच शिट्टीसकट खणखणीत वाजलं होतं. म्हणजे खोड पेटीत नव्हतीच. कधीच नव्हती. बसव्वाला आधी आनंदाची लाट आली, इतकी की ओरडावंसं वाटलं: पेटी चांगली आहे! मी जिंकले! आणि दुसऱ्याच क्षणी तिला कळलं की हे ओरडण्यासारखं नाही.

"तार चुकली माझ्या हातनं," ती म्हणाली. "थांबा, नीट करते."

तिप्पण्णा तिच्याशेजारी वाकला. त्याच्याही डोक्यात उजेड पडला होता. "सांग की," तो कुजबुजला. "सांग समद्यांना! खोली तुझी हाय."

"काय सांगू? अप्पांचा कान गेला म्हणून? पोरांपुढं? भावजींपुढं?"

"खरं हाय ते."

"उद्या बावीस मागांवर हीच गोष्ट हुईल. बोल्ट ढिला हाय म्हटल्यावर हसतील लोकं त्यास्नी." तिनं तारा पहिल्यासारख्या जोडल्या. "मला नको तसली खोली."

"मग गठ्ठं लागू द्यायचं का तितं?"

बसव्वाची नजर मधल्या बटणावर गेली होती. तिनं अंबाड्यातला आकडा काढला आणि चौदा वर्षांच्या लाखेत घातला. कट्ट असा आवाज झाला, ठशाचे दोन तुकडे झाले. मधे तिप्पण्णा बसला होता, म्हणून मागं कुणाला दिसलं नाही. देवा शिवा, माझं काय चुकत असंल तर बघ बाबा, असं मनात म्हणून तिनं बटण उजवीकडं फिरवलं. अर्ध्याच्याही पुढं.

"एकदा परत ऐका अप्पा."

शिट्टी. धडधड. अप्पांनी मान पुढं केली. गाडी आली, समोर आली, आणि अप्पा खुर्चीतून उठले. काठी खाली पडली. "चालली!" ते ओरडले. "चालली, चालली… गेली! अगं गेली उजवीकडं! शंकरप्पा, ऐकलंस? पोचली गाडी!"

असं हसताना अप्पांना कुणी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. ते पोरांना हाताला धरून नाचवायला लागले. "खोली बसव्वाची!" त्यांनी जाहीर केलं. "पाटीपुढं मी सोता नारळ फोडणार."

"व्हय अप्पा, पोचली," शंकरप्पा म्हणाला. "व्हय, पोचली," चन्नम्मा म्हणाली. दोघांनी एकमेकांकडं चोरून पाहिलं. कारण आता खरोखरच आवाज वाकडा झाला होता, डावं खोकं जवळजवळ मुकं झालं होतं. पण अप्पांपुढं कोण बोलणार?

बोलली शिवबाई. सात वर्षं वैरागच्या पाण्यावर राहिल्यामुळे या घराची सवय तिची मोडली होती. "काय पोचली?" ती म्हणाली. "आता तर उजवीकडनंच सुटती आन उजवीकडंच थांबती. मगाशी कसली झ्याक हुती! वैनी, काय केलंस गं? बिघडवलीस की!"

"शिवे, गप," शंकरप्पा दटावून म्हणाला.

"का गप? दादा, तुला बी ऐकू आलंय की."

---

चनमल्लप्पा थांबले. त्यांनी लेकीकडं पाहिलं, थोरल्याकडं पाहिलं. शंकरप्पानं नजर खाली घातली. धाकटी सून पेटीपाशी मान खाली घालून बसली होती, आणि तिच्या गुडघ्यापाशी फरशीवर लाल लाखेचा चुरा पडला होता.

चाळीस वर्षं माग दुरुस्त केलेल्या माणसाला एवढं पुरतं. अप्पा सावकाश पेटीजवळ आले. बटण कुठवर फिरवलंय ते बघितलं. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "मगाशी तार चुकली न्हवती."

बसव्वानं लाखेचा चुरा पदराखाली ओढला.

"इचारतोय मी. मुद्दाम बदलल्यास?"

"व्हय अप्पा."

"आन खोड जाग्यावर ऱ्हायली."

अप्पांनी स्वतःच बटण मधे आणून ठेवलं, अगदी बरोबर मधे. मग खुर्ची दोन्ही हातांनी उचलून तिचं तोंड फिरवलं, आणि खोक्यांकडे पाठ करून बसले. आता सगळं घर त्यांच्यासमोर होतं. डावं खोकं त्यांच्या उजव्या हाताला आलं होतं, ते डावं खोकं, ज्याचा आवाज हातानं धरावा असा होता.

"लाव."

गाडी सुटली. शिट्टीबरोबर सगळ्यांचे चेहरे डाव्या खोक्याकडं वळले. अप्पांचा वळला नाही. ते वाट बघत होते. मग गाडी सोप्याच्या मध्यावर आल्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या, आणि ती पलीकडं जाईपर्यंत त्यांनी डाव्या कानानं तिचा पाठलाग केला. सुई तबकडीच्या काठावर खरखरत राहिली. कुणी उचलली नाही.

आत त्यांना बोल्ट दिसत होते. चालता चालता मी गर्रकन का वळतो? लोकांना वाटतं ऐट आहे. मला वाटायचं सवय आहे. अरे, डावा कान मागाकडं करायला वळत होतो मी! आणि बसायची जागा, कारखान्यातलं टेबल, तीस वर्षं उजवा कान मागांकडे. सगळा आवाज त्यानंच खाल्ला. त्यांना लाज वाटली, भीतीही वाटली. आणि विचित्र म्हणजे आनंदही वाटला, बरेच दिवस न सापडणारी खोड सापडल्यावर वाटतो तसाच.

"पेटी चांगली हाय," अप्पा मोठ्यानं म्हणाले. "पेठेत आशी पेटी न्हाय. चार वर्सं मी पेटीला बोल लावला. माझा उजवा कान गेलाय."

पोरं चन्नम्माच्या मागं सरकली.

"आन तुमी समदी मुंड्या हलवत बसला! शंकरप्पा, तुला ऐकू येत हुतं का गाडी उजवीकडं जाताना?"

या घटकेची शंकरप्पानं वाट पाहिली होती, खोटं कशाला बोला. एक दिवस अप्पा म्हणतील, आता तूच बघ. आणि आता ती घटका आली, तर ती त्याला नकोशी झाली. "येत हुतं अप्पा," तो म्हणाला. "पर तुमी न्हाय म्हणालात. मला वाटलं माझाच कान हलका."

"गाढवा," अप्पा मायेनं म्हणाले.

"उद्यापास्नं मी तुमच्या उजवीकडनं चालतो. तिकडचं मी सांगतो, हिकडचं तुमी ऐका. आन गठ्ठ्याचं काय, गच्चीवर पत्र्याची खोली काढू. रस्त्याकडची बसव्वाचीच." त्यानं भावजयीकडं पाहिलं. "तुला कळलं हुतं न्हवं? का बोलली न्हाईस?"

"माझ्या तोंडानं कसं बोलू भावजी," बसव्वा म्हणाली, आणि आता मात्र ती हुंदके देऊन रडायला लागली. चन्नम्मानं तिला जवळ घेतलं. तिप्पण्णानं सुई उचलली.

"लाख फोडलीस ते बरं केलंस," अप्पा म्हणाले. "परत ओतू नको."

मग ते झोपाळ्याकडं वळले आणि जागच्या जागी थबकले. नागव्वा आपल्या नेहमीच्या जागी, उजव्या कडेला बसली होती. तिळगुळाचं ताट मांडीवर तसंच होतं. तिचाही हिशेब आत्ताच लागत होता.

अप्पा जवळ गेले. आपल्या डाव्या बाजूच्या जागेवर न बसता ते तिच्यापुढं उभे राहिले. "सरक," ते म्हणाले. "तू तिकडं बस. मी हितं बसतो."

नागव्वा सरकली. अप्पा तिच्या जागेवर बसले. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्या डावीकडं होती.

"लई बोललीस का गं?"

"लई." नागव्वा म्हणाली. "मग सोडलं."

"आता सांग. पयल्यापासनं."

"आता काय सांगू? पोरं बसल्यात."

"बसू दे. पयलं काय ते सांग."

नागव्वानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी इचारलं हुतं… औंदा मला शोभेचं दारूकाम बघायला न्याल का. गड्ड्याच्या जत्रंत. चाळीस वर्सं भिंतीमागनं नुसता आवाजच ऐकती मी. एकदा रंग बघावं म्हटलं."

"कवा इचारलंस?"

"चार वर्सं झाली. करीच्या दिवशीच."

"आन मी काय म्हणालो?"

"काय बी न्हाय. विडा संपवला आन उठून गेला."

अप्पांनी डोळे मिटले. मग उठले. "चन्नम्मा, अव्वाची नवी इरकल काढ. शंकरप्पा, कंदील-बिंदील नको, उजेड हाय अजून. चल गं. चप्पल घाल."

"आत्ता? भाकरी टाकायच्या हायत."

"भाकरी टाकणाऱ्या दोन सुना हायत. एक रेडिओवाली हाय, ती सोड. दुसरी टाकंल." आणि चन्नम्मा पहिल्यांदा सासऱ्यापुढं मोठ्यानं हसली.

दिवेलागणीला दोघं पेठेच्या गल्लीतून निघाली. नागव्वा सवयीनं नवऱ्याच्या उजव्या हाताला, एक पाऊल मागं चालत होती. गल्लीच्या तोंडाशी अप्पा थांबले. नुसते उभे राहिले. तिला समजायला थोडा वेळ लागला. मग इरकलीचा काठ सावरत ती त्यांच्या मागून फिरून डावीकडं आली.

गड्ड्याच्या जत्रेच्या होम मैदानावरून पहिला बाण वर गेला आणि घरांच्या माथ्यावर फुटला.

"आवं, केवढं लाल," नागव्वा हळूच म्हणाली.

"व्हय," चनमल्लप्पा म्हणाले.